भयाचें पात्र
(ललिता पवार यांच्या चित्रपट-कारकीर्दीचा विचार)

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत जे आठ रस सांगितले आहेत, त्यांत भयानक हा एक आहे. त्याचा स्थायीभाव भय, त्याचा वर्ण काळा आणि त्याची देवता काल. शृंगार, वीर, करुण यांच्या पंक्तीला भयासारख्या अप्रिय भावनेलाहि मुनींनीं पाट मांडून दिला, याचें पुष्कळांस नवल वाटतें. परंतु प्रत्यक्ष जीवनांत जें टाळावेंसें वाटतें, तेंच रंगभूमीवर पाहण्यासाठीं माणसें पदरचे पैसे मोडून जातात, हा अनुभव जुना आहे. अंधाऱ्या रात्रीं आजीच्या कुशींत शिरून 'भुताची गोष्ट सांग' म्हणून हट्ट धरणारें मूल आणि तिकीट काढून भयपट पाहावयास जाणारा पदवीधर, यांच्यांत वयाखेरीज फारसा फरक नाहीं.

खरें नवल आहे तें दुसऱ्याच गोष्टीचें. हसविणाऱ्या नटावर लोक प्रेम करतात. रडविणाऱ्या नटीला घरची लेक मानतात. पण जो भिवविण्याचें काम उत्तम करतो, त्याच्या वांट्याला टाळ्यांबरोबर शिव्याशापहि येतात. काम जितकें चोख, तितका लोकांचा रोष अधिक. या उफराट्या न्यायाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि त्यासाठीं येवल्यांत जन्मलेल्या व सर्व हिंदुस्थानाला परिचित झालेल्या ललिता पवार या अभिनेत्रीच्या कारकीर्दीइतकें बोलकें उदाहरण दुसरें सांपडावयाचें नाहीं. तथापि तुलनेला सोयीचें म्हणून आरंभीं थोडें परदेशीं जाऊं.

भयपटांचा विषय निघाला म्हणजे पाश्चात्त्य देशांत जीं नांवें प्रथम निघतात, त्यांत बोरिस कार्लोफ हें एक आहे. हा जन्मानें इंग्रज. लंडनच्या कँबरवेल भागांत २३ नोव्हेंबर १८८७ रोजीं तो जन्मला. त्याचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट. मुलानें सरकारी नोकरीची वाट धरावी अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु त्याला नाटकाचा नाद. १९०९ सालीं तो कॅनडास गेला. फिरत्या नाटकमंडळ्यांत काम करावें, तें सुटलें कीं अंगमेहनत करावी, मालमोटार हांकावी, अशीं त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. चित्रपटांतहि प्रथम किरकोळ भूमिकाच मिळाल्या. मग १९३१ च्या अखेरीस, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, 'फ्रँकेन्स्टाईन' हा चित्रपट लोकांपुढें आला आणि हा उपेक्षित नट एका रात्रींत जगप्रसिद्ध झाला.

मेरी शेले या लेखिकेच्या १८१८ सालच्या कादंबरीवरून हें कथानक घेतलेलें आहे. एक शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून मनुष्य घडवितो, त्यांत प्राण ओततो, आणि मग स्वतःच्याच निर्मितीला भिऊन तिच्याकडे पाठ फिरवितो. कार्लोफनें हा अनाथ प्राणी साकार केला. जॅक पिअर्स हा रंगभूषाकार रोज कित्येक तास खपून त्याचा चेहरा घडवी; अंगावर अवजड पोशाख, पायांत जड बूट. चित्रपटाच्या आरंभींच्या नामावळींत त्या भूमिकेपुढें नटाचें नांवच नव्हतें, केवळ प्रश्नचिन्ह होतें! त्या चित्रणांत पाठीला झालेली इजा त्याला पुढें जन्मभर छळीत राहिली. 'द ममी', 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' असे अनेक भयपट त्यानें गाजविले. पण पडद्याबाहेरचा कार्लोफ कसा होता? मृदुभाषी, क्रिकेटचा षौकी, मुलांत रमणारा. १९३३ सालीं अमेरिकेंतील चित्रपट-नटांनीं आपल्या हक्कांसाठीं संघ काढला, त्याच्या संस्थापकांत हा होता. लहान मुलांकडून आपणांस पत्रें येतात व त्यांत त्या विद्रूप प्राण्याविषयीं करुणाच असते, असें तो सांगत असे. २ फेब्रुवारी १९६९ रोजीं तो वारला, तोंवर मुलांसाठीं कथा वाचून दाखविणारा गोड आवाज म्हणूनहि त्याची ख्याति झाली होती.

म्हणजे कार्लोफला भय आणि प्रेम हीं दोन्ही मिळालीं. याचें एक कारण उघड आहे. त्याचें भय रंगाच्या पेटींतून निघत होतें. सायंकाळीं तोंड धुतलें कीं राक्षस संपला आणि सज्जन गृहस्थ उरला. शिवाय प्रेतांच्या अवयवांचा मनुष्य कोणाच्या शेजारीं राहात नाहीं. चित्रगृहांतून बाहेर पडल्यावर प्रेक्षकाची गांठ त्याच्याशीं पडण्याचा संभव नसतो. आतां आपल्याकडे पाहूं.

आपल्या बोलपटांत भुतेंखेतें आलीं नाहींत असें नाहीं. परंतु निदान तीन पिढ्या स्त्रियांच्या काळजाचा ठोका चुकला तो भूत पाहून नव्हे. उंबऱ्याच्या आंत, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्यें उभी असलेली एक मध्यमवयस्क बाई. डोक्यावरून पदर, मुद्रा कठोर, एक डोळा किंचित् बारीक झालेला. ती कांहीं न बोलतां सुनेकडे पाही, आणि चित्रगृहांत सन्नाटा पसरे. कार्लोफचें भय स्मशानांतलें होतें. ललिताबाईंचें भय माजघरांतलें होतें.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजीं, पैठणीसाठीं नांवाजलेल्या येवले गांवीं झाला. माहेरचें नांव अंबिका, आडनांव सगुण. वडील लक्ष्मणराव हे कापडाच्या व्यापारांत होते. पुण्यास नानासाहेब सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी मूकपट काढीत असे. तेथें या मुलीचा अगदीं लहान वयांत चित्रसृष्टींत प्रवेश झाला. कुलीन घरांतील मुलगी चित्रपटांत दिसणें हीच ज्या काळीं अचंब्याची गोष्ट होती, त्या काळीं या मुलीनें बालभूमिकांवरून नायिकेच्या भूमिकांपर्यंत मजल मारली. तिच्यांत धाडसहि होतें आणि व्यवहारज्ञानहि होतें. १९३२ सालच्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितींत तिचा वांटा होता. पुढें १९३८ च्या सुमारास 'दुनिया क्या है' हा बोलपट तिनें काढला, तो टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर आधारलेला होता. आपल्यामुळें अधोगतीस गेलेल्या स्त्रीविषयीं उमरावाला वाटणारा पश्चात्ताप हा त्या कादंबरीचा विषय. बावीस वर्षांच्या नायिकेनें असा विषय निवडावा, यावरून तिच्या आकांक्षेची झेंप ध्यानीं येते. मास्टर विनायकांच्या १९४१ सालच्या 'अमृत' या चित्रपटांतहि त्यांनीं काम केलें. रूप होतें, अभिनय होता, गळाहि होता. त्या काळीं नायिका स्वतःच गात, तशा त्याहि गात. सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें.

१९४२ सालीं 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचें चित्रण चालू असतां तो प्रसंग घडला. कथेंत सहनटानें त्यांच्या थोबाडींत मारावयाची होती. सहनट होते भगवान. हेच पुढें १९५१ च्या 'अलबेला'मुळें घरोघर पोंचलेले मास्टर भगवान. हाताचा अंदाज चुकला आणि लटकी चपराक खरी बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूस पक्षाघात झाला. आपल्या वैद्यकांत ज्याला अर्दित म्हणतात, तशी अवस्था. दीर्घकाळ उपचार झाले. पुष्कळसा गुण आला. पण डावा डोळा पूर्ववत् झाला नाहीं. तो बारीकच राहिला.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. वय पंचवीस-सव्वीस. चेहरा हेंच जिचें भांडवल, तिचा चेहराच गेला. नायिकेचा दरवाजा बंद झाला. अशा वेळीं घरीं बसून दैवाला बोल लावीत राहिल्या असत्या, तर कोणी त्यांना नांवें ठेवलीं नसतीं. त्यांनीं तसें केलें नाहीं. जो डोळा नायिकेला नडला, तोच चरित्रनटीचें शस्त्र कसें होईल, याचा त्यांनीं अभ्यास केला.

नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायांत दृष्टीचे छत्तीस प्रकार दिलेले आहेत: आठ रसांच्या आठ, आठ स्थायीभावांच्या आठ आणि संचारीभावांच्या वीस. पापणी कोठें ताठवावी, बुबुळ कोठें फिरवावें, कोठें स्थिर करावें, हें सर्व मुनींनीं बारकाईनें सांगितलें आहे. शेंकडों यार्डांवर बसलेल्या प्रेक्षकाला डोळ्यांचा एवढा सूक्ष्म व्यापार दिसणार कसा, अशी शंका विद्यार्थी विचारीत. कॅमेऱ्यानें त्या शंकेचें निरसन केलें. पडद्यावर चेहरा भिंतीएवढा होतो आणि पापणीची हालचाल शेवटच्या बाकावरील प्रेक्षकासहि दिसते. ललिताबाईंचा डोळा या यंत्राच्या युगांत आला, हें त्यांच्या दुर्दैवांतलें सुदैव.

१९४४ सालीं प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' प्रकाशित झाला. गजानन जागीरदार रामशास्त्र्यांच्या भूमिकेंत होते, आणि आनंदीबाई होत्या ललिता पवार. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. 'धरावें'चें 'मारावें' करणारी म्हणून आनंदीबाईंचें नांव महाराष्ट्रांत लहान मुलासहि ठाऊक आहे. इतिहासकारांनीं त्या आख्यायिकेचें कांहींहि मोल ठरवो. लोकांच्या मनांत 'ध'चा 'मा' कायमचा कोरला गेला आहे. रणांगण नाहीं, तलवार नाहीं, एका अक्षराच्या फेरफारानें माणूस मारणारी स्त्री! घरांतल्या घरांत घडणाऱ्या भयाची ही मूळ प्रतिमा मराठी मनांत आधींच होती. ललिताबाईंनीं तिला चेहरा दिला.

पुढें त्यांना ज्या भूमिका आल्या, त्यांत 'सासू' हा शब्द पुन्हां पुन्हां येतो. १९५० सालीं व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला. हुंड्यापायीं सुनेचा छळ आणि तिचा करुण अंत हा त्याचा विषय. सासूची भूमिका ललिताबाईंची. हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ सालीं, म्हणजे या चित्रपटानंतर अकरा वर्षांनीं. सासरच्यांकडून होणाऱ्या छळाबद्दल दंडसंहितेंत स्वतंत्र कलम आलें तें तर १९८३ सालीं. कायद्याचे शब्द जुळण्यापूर्वीं त्या अन्यायाचें चित्र लोकांच्या डोळ्यांपुढें उभें करणारांत या अभिनेत्रीचा वांटा आहे, हें आपण विसरतों. १९५९ च्या 'सुजाता'मध्यें विटाळाच्या कल्पनेला चिकटून बसलेली वृद्धा, १९६१ च्या 'जंगली'मध्यें घरांत हसण्यासहि बंदी करणारी आई, १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्यें भाच्यांवर करडी नजर ठेवणारी पालक, १९८० च्या 'सौ दिन सास के'मध्यें पुन्हां जुलमी सासू. ही यादी पुष्कळ वाढवितां येईल. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सुमारें सत्तर वर्षांच्या कारकीर्दींत त्यांनीं सातशेंच्या आसपास चित्रपटांत कामें केलीं असें मोजतात.

हें भय इतकें परिणामकारक कां झालें? ललिताबाईंना मुखवटा लागला नाहीं, काळी पार्श्वभूमि लागली नाहीं. त्यांचें साहित्य म्हणजे प्रत्येक घरांत असणाऱ्या वस्तु: किल्ल्यांचा जुडगा, देव्हारा, पाण्याचा तांब्या, अर्धवट लोटलेलें दार. किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, यावर एकत्र कुटुंबांत कोणी बोलावें आणि कोणी ऐकावें हें ठरत असे. ही सत्ता फौजेच्या जोरावर चालत नाहीं, नजरेवर चालते. ललिताबाईंनीं नेमकी ती नजर उचलली. शिवाय प्रेक्षकांतील सून चित्रपट पाहून घरीं परतली कीं दार उघडावयास सासूच येई. राक्षस पडद्यावरच राहात असे. ही मात्र घरीं आधींच येऊन बसलेली असे! म्हणूनच कार्लोफची भीति मुलें मोठीं झाल्यावर विसरलीं, आणि ललिताबाईंची भीति मुली मोठ्या झाल्यावर वाढली.

आतां आमच्या भागाकडे येतों. हिंगोली त्या काळीं परभणी जिल्ह्यांतील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. औंढा नागनाथाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेंत तंबूंतला सिनेमा येई, तेथें आमच्या पिढीनें ललिताबाईंना प्रथम पाहिलें. पण त्यांची खरी ओळख घरोघर झाली ती १९८७ सालीं. २५ जानेवारीस दूरदर्शनवर रामानंद सागर यांचें 'रामायण' सुरू झालें. रविवारीं सकाळीं साडेनऊ वाजतां गल्ल्या ओस पडत, आणि ज्या वाड्यांत दूरदर्शन-संच असे, तेथें ओसरीपर्यंत माणसें दाटत. त्यांत मंथरेचें काम ललिताबाईंचें होतें. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण' चित्रपटांतहि त्याच मंथरा होत्या; सव्वीस वर्षांनीं, सत्तरीच्या घरांत, त्यांनीं तीच भूमिका पुन्हां केली. कुबड काढून, काठी टेकीत ती म्हातारी कैकेयीच्या महालांत शिरली, कीं ओसरीवरच्या आयाबाया कडाकडा बोटें मोडीत. 'मेली कशी बघते बघा!' असे उद्गार कानीं येत. राम-सीता पडद्यावर आले कीं ज्या हातांनीं नमस्कार केला, त्याच हातांनीं मंथरेला शिव्याशाप दिले जात. एका दृष्टीनें हा अभिनयाचा विजयच होता.

पण या विजयाला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे. चित्रपट संपला तरी नांव संपत नाहीं. आपल्या बोलींत 'ललिता पवार' हें विशेषनाम राहिलें नाहीं, तें विशेषण झालें. सून माहेरीं जाऊन मैत्रिणीला म्हणते, 'आमच्याकडे अगदीं ललिता पवार आहेत.' नातवंडें आजीला चिडवितात. थट्टेंत हें सर्व खपून जातें. पण ज्याला तें लागतें त्याला तें कसें लागतें, हें प्रस्तुत लेखकानें पाहिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांत एक वृद्ध बाई होत्या. स्वभावानें करड्या नव्हत्या. उलट पोरांना खाऊ देणाऱ्या. उतारवयांत त्यांना अर्दिताचा झटका आला. तोंड थोडें वांकडें झालें, एक डोळा बारीक झाला. गल्लींतल्या मुलांनीं त्यांना तें नांव लावलें. हळूहळू घरांतल्या मोठ्यांच्या तोंडींहि तें बसलें. 'रामायण' सुरू झालें कीं त्या बाई सर्वांच्या मागें, खांबाआड बसत आणि पदर डोळ्यावरून पुढें ओढून घेत. एके दिवशीं त्यांनीं आम्हांस विचारलें, "त्या मंथरेचं काम करतात, त्यांचा डोळा जन्मापासूनच तसा आहे का हो, गुरुजी?" १९४२ ची ती हकीकत एका नियतकालिकांत वाचलेली होती, ती त्यांना सांगितली. बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे तिलाही लागलंच होतं की. आणि लोक तिलाच वाईट म्हणतात." एवढें बोलून त्या आंत गेल्या.

त्या बाईंनीं एका वाक्यांत जें सांगितलें, तेंच आपल्या साहित्यशास्त्रानें हजार वर्षांपूर्वीं सांगून ठेवलें आहे. नटाला आपण 'पात्र' म्हणतों. हा शब्द सहज पडलेला नाहीं. काश्मिरांतील आचार्य अभिनवगुप्त यांनीं नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेंत याचें मर्म उलगडलें आहे. पेय भांड्यांतून पितात. पण त्या पेयाची चव भांड्याला लागत नाहीं. तद्वत् रस नटाच्या द्वारें रसिकापर्यंत पोंचतो, पण त्याचें अधिष्ठान नट नव्हे. हा दृष्टांत पुढें नेला तर असें दिसेल कीं, कडू काढा ज्या वाटींतून घेतला ती वाटी कडू ठरत नाहीं. तीच वाटी घासून दुसऱ्या दिवशीं तींत आपण बाळाला दूध पाजतों. नटाच्या बाबतींत मात्र आपण वाटीलाच कडू म्हणून कोनाड्यांत टाकतों.

ही वाटी कडू नव्हती याचा पुरावा ललिताबाईंच्याच कारकीर्दींत आहे. १९५५ सालच्या 'श्री ४२०' मध्यें त्या केळीं विकणारी गंगामाई होत्या: तोंडानें फटकळ, अंतःकरणानें लोण्यासारखी. १९५९ सालीं हृषीकेश मुखर्जी यांनीं 'अनाडी' चित्रपटांत त्यांना मिसेस डिसा ही भूमिका दिली. ही एक ख्रिस्ती घरमालकीण. बेकार, भोळ्या नायकाला ती भाड्यासाठीं दटावते, ओरडते, आणि दुसऱ्या हातानें त्याच्या पोटाची काळजी वाहते. शेवटीं भेसळीचें औषध पोटांत जाऊन ती मरते, आणि ज्यांनीं या बाईला वर्षानुवर्षें शाप दिले होते, त्यांच्याच डोळ्यांना धारा लागल्या. चेहरा तोच. बारीक डोळा तोच. सुनेकडे पाहतांना ज्या डोळ्यांत विखार दिसला, त्याच डोळ्यांत आतां वात्सल्य दिसत होतें. या भूमिकेबद्दल त्यांना उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंहि त्यांचा गौरव केला. १९७१ च्या 'आनंद'मध्यें त्याच दिग्दर्शकानें त्यांना रुग्णालयांतील मेट्रन केलें, आणि नांव पुन्हां डिसाच ठेवलें! म्हणजे मिसेस डिसा त्यालाहि विसरवली नव्हती. आपण मात्र तिला विसरलों आणि मंथरेला लक्षांत ठेवलें.

पुरुष नटांचीहि हीच कथा आहे. निळू फुले यांचा कारस्थानी पाटील आणि पुढारी मराठी प्रेक्षकाला पुरता ठाऊक आहे. १९७५ सालच्या सुमारास आलेल्या 'सामना'मधील हिंदुराव कोण विसरेल? खेड्यापाड्यांत स्त्रिया त्यांना पाहून खरोखरच तोंड फिरवीत. प्रत्यक्षांत ते राष्ट्र सेवा दलांत वाढलेले, साधे राहणारे आणि सामाजिक कार्याला हातभार लावणारे गृहस्थ होते. १३ जुलै २००९ रोजीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आणि लोकांना या साधेपणाची ओळख पटली. जिवंतपणीं मिळावयाचा न्याय मृत्यूनंतर मिळाला, असें म्हणावें लागतें.

ललिताबाईंच्या अखेरीला तेवढाहि गाजावाजा झाला नाहीं. २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यांत औंध येथें त्यांचें निधन झालें. कर्करोगानें त्या आजारी होत्या. मृत्युसमयीं त्या घरांत एकट्याच होत्या, असें त्या वेळच्या वृत्तांतून आलें. पडद्यावर भरल्या घरावर जिनें हुकमत गाजविली, ती शेवटीं रिकाम्या घरांत गेली.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडांत मंथरेसंबंधीं एक प्रसंग आहे. दूरदर्शन पाहून बोटें मोडणारांनीं तो अवश्य वाचावा. भरत-शत्रुघ्न आजोळाहून परतले आहेत. पिता गेला आहे, राम वनांत आहे. इतक्यांत दागिन्यांनीं मढलेली मंथरा द्वारपाळांच्या हातीं सांपडते. शत्रुघ्नाचा क्रोध अनावर होतो आणि तो तिला फरफटत ओढतो. तिचे अलंकार जमिनीवर विखुरतात. ज्याच्या राज्यावरून हें सर्व झालें, त्या भरताला वास्तविक तिचा अधिक राग यावयाचा. पण तोच भावाला आवरतो. स्त्रीला मारणें योग्य नव्हे; आपण या कुब्जेला मारलें असें रामाला कळलें तर तो आपल्याशीं बोलणार नाहीं, असें तो सांगतो. शत्रुघ्न तिला सोडून देतो. खऱ्या मंथरेलाहि आदिकवीनें एवढी दया दाखविली आहे. मग जिनें केवळ मंथरेचें सोंग घेतलें, आणि तेंहि स्वतःच्या दुखावलेल्या डोळ्यानें घेतलें, तिच्याशीं आपण कसें वागावें?

आमची वाचकांना विनंति एवढीच आहे. घरांतल्या मुलांना घेऊन एखाद्या सुटीच्या दिवशीं 'अनाडी' पाहावा. तो पाहिल्यावर मुलांना १९४२ ची ती हकीकत सांगावी आणि ही तीच मंथरा, हेंहि सांगावें. मग घरांतील एखाद्या तोंडाळ आजीला किंवा काकूला तें नांव ठेवण्याचा मोह झालाच, तर तें नांव कष्टानें, दुखण्यानें आणि सत्तर वर्षांच्या निष्ठेनें मिळविलेलें आहे, एवढें मुलांच्या ध्यानीं राहील. आणि कोणी सांगावें, त्या आजीच्याहि डोळ्यामागें असें एखादें दुखणें असेल, जें आजवर तिला कोणी विचारलेंच नसेल.